धूर म्हणजे अर्धवट जळालेलं लाकूड : सरपणाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लाकडाचा धूर नैसर्गिक, त्यात कुणी रसायनं मिसळलेली नसतात. मग डॉक्टर त्याला एवढं वाईट का म्हणतात?

उत्तर : रसायनं कुणी मिसळावी लागत नाहीत, ती चुलीतच तयार होतात. लाकूड २५०-३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की त्याचं विघटन सुरू होतं आणि कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायुरूपात बाहेर पडतो. आपल्याला दिसते ती ज्योत या वायूंची. ते पुरते जळायचे तर तापमान ६०० अंशांच्या वर हवं, हवा भरपूर हवी आणि दोन्ही मिसळायला क्षणभर अवधी हवा. भांड्याचं थंड बूड ज्योतीत शिरलं, काटकी ओली निघाली किंवा चुलीत लाकडं कोंबली, की यातलं काहीतरी बिघडतं. जे जळायचं राहतं तो धूर.

त्यात कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, बेंझो-ए-पायरिन असतात, आणि काजळीचे व डांबरी पदार्थांचे कण. हे कण बहुतांशी एका मायक्रॉनपेक्षा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा) लहान असल्यामुळे नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात. मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होत जाण्याचा दीर्घकाळचा आजार), हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू आणि कमी वजनाची बाळं या सगळ्यांशी याचा संबंध दिसलेला आहे. घरात लाकूड जाळल्याने होणारं उत्सर्जन आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्करोगकारक’ (गट २-अ) मानलं आहे. लाकूड, कोळसा, शेण, रॉकेल अशी सगळी इंधनं मिळून घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

प्रश्न : विकत आणलेलं लाकूड ‘वाळलेलं’ म्हणून दिलं जातं, पण चूल धुमसते. खरंच वाळलंय का, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

उत्तर : टोकांना चिरा पडल्यात का, साल सुटतेय का, दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत वाजतात की बद्द, एवढ्यावरून अंदाज येतो, खात्री होत नाही. खात्रीसाठी वजन करा. मधल्या थरातला एक तुकडा काढून फोडा आणि आतल्या भागाची ५०० ग्रॅमची ढलपी घ्या. ती १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. ४०० ग्रॅम उरली तर ओल २० टक्के. जळाऊ लाकडात याहून जास्त ओल नको.

ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण त्यात एक मेख आहे. बरीचशी यंत्रं पाण्याची तुलना कोरड्या लाकडाशी करतात, त्यामुळे वरच्याच ढलपीला ती २५ टक्के दाखवतील. शिवाय यंत्राच्या सुया नुकत्याच फोडलेल्या आतल्या बाजूला टोचायच्या. बाहेरून मोजलं तर लाकूड बहुतेक वेळा आहे त्यापेक्षा कोरडं भासतं.

याचा फरक केवढा पडतो ते पाहा. २० टक्के ओल असलेल्या १ किलो लाकडातून साधारण १४ मेगाज्यूल उष्णता मिळते. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं पाणी असू शकतं. त्यातून मिळते जेमतेम ८. म्हणजे सरपण पावणेदोन पट लागतं, आणि पाण्याची वाफ होताना जाळ थंड पडतो तो वेगळाच. टोकांतून पाणी फसफसताना दिसलं तर ते लाकूड परत राशीत ठेवा.

वाळवण्यात चूक होते ती बहुतेक वेळा झाकण्यात. लाकूड आधी फोडा, मग रचा. अख्खा ओंडका सालीआड वर्षभर ओला राहतो. ८ ते १५ सेंटिमीटर जाडीच्या ढलप्या करून, खाली दांडे घालून, जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर उंचावर रचा. वरून छप्पर द्या, पण बाजू उघड्या ठेवा. चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. मऊ लाकडाला साधारण सहा महिने, जाड्या कठीण लाकडाला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं.

प्रश्न : चुलीला धुराडं आहे, तरी स्वयंपाकघरात धूर भरतो. पेटवताना तर फारच. धुराड्यामुळे आरोग्याचा प्रश्न सुटतो ना?

उत्तर : आधी घरातल्या धुराचं बघू. धुराड्याला ओढ असते ती आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते म्हणून. पेटवताना नळी थंड असते, त्यामुळे पहिली काही मिनिटं धूर उलटा येतो. नळीच्या तोंडाशी कागदाचा बोळा किंवा मूठभर बारीक काटक्या जाळून ती आधी तापवा, मग चूल पेटवा. बंद शेगडीत जाड तुकडे खाली आणि बारीक काटक्या सर्वांत वर ठेवून वरूनच काडी लावून पाहा : खालच्या लाकडातून निघणारे वायू वरच्या ज्योतीतून जातात आणि जळतात.

चूल चांगली तापल्यावरही धूर येत असेल तर दोष बांधणीत आहे. काडेपेटीची काडी विझवून तिचा धूर चुलीच्या तोंडाशी धरा. तो आत ओढला गेला पाहिजे. बाहेर आला तर हे तपासा : नळीत आडवा भाग किंवा दोनपेक्षा जास्त वळणं आहेत का; सांध्यांतून धूर झिरपतो का; खिडक्या बंद ठेवून हवा बाहेर फेकणारा पंखा चालू आहे का (तो धुराड्यातलीच हवा खेचतो); आणि उंची पुरेशी आहे का. उंचीचा सर्वसाधारण ठोकताळा असा की नळी छपरातून बाहेर पडते तिथून किमान ९० सेंटिमीटर वर जावी आणि ३ मीटरच्या आत जे काही उंच असेल त्याच्याही ६० सेंटिमीटर वर असावी. नाहीतर वाऱ्याचा झोत धूर खाली दाबतो.

नळीच्या आत साचणाऱ्या थराकडे दुर्लक्ष करू नका. ओलं लाकूड आणि हवा कोंडून धुमसत ठेवलेली चूल यांमुळे नळीत काळा, चकचकीत क्रिओसोट (धुरातल्या डांबरी पदार्थांचा थर) साचतो आणि तो पेट घेतो. थर ३ मिलिमीटर झाला की साफसफाई करायचीच. नळीतून घोंघावल्यासारखा आवाज येऊ लागला तर चुलीची हवा बंद करा, सगळ्यांनी बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा. पाणी ओतू नका. तापलेली नळी तडकते.

आता आरोग्याचं. धुराडं धूर नाहीसा करत नाही, हलवतं; तो खिडकीतून परत येतो, नाहीतर शेजारच्या घरात जातो. ग्वाटेमालात झालेल्या ‘रिस्पायर’ या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात धुराडं असलेल्या चुलींमुळे बाळांचा धुराशी संपर्क जवळपास निम्म्यावर आला. गंभीर न्यूमोनिया कमी झाला, पण डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात ठामपणे सांगता येईल अशी घट दिसली नाही. कारण निम्मा झालेला धूरही फार असतो : सूक्ष्म कणांची जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली मर्यादा २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे आणि उघड्या चुलीच्या खोलीत ते काहीशेंवर सहज जातात. त्यामुळे धुराडं बसवाच, पण गॅस किंवा वीज परवडण्याजोगी असेल तर निदान रोजचा मोठा स्वयंपाक तिकडे न्या.

प्रश्न : लाल निखाऱ्यांना धूर नसतो. थंडीत ते घमेल्यात घालून झोपायच्या खोलीत ठेवले तर?

उत्तर : नको. खिडकीची फट ठेवूनही नको. निखारे दिसेल असा धूर देत नाहीत, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतात, आणि त्याला रंग नाही, वास नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. साध्या हवेत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदमच दुखू लागलं, मळमळ, चक्कर सुरू झाली आणि मोकळ्यावर आल्यावर बरं वाटलं, तर हीच शंका घ्या, बाहेरच थांबा आणि रुग्णालय गाठा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो आकडा नेहमीसारखाच दाखवतो. गर्भवतींना धोका अधिक, कारण गर्भाला पुरणारा ऑक्सिजन आधी घटतो.

प्रश्न : झाड वाढताना जेवढा कार्बन घेतं तेवढाच जळताना सोडतं. मग लाकूड पर्यावरणपूरकच ना?

उत्तर : हिशेब बरोबर आहे, पण तो पुरा व्हायला वेळ लागतो आणि त्यात काही रकमा धरलेल्याच नाहीत. १ मेगाज्यूल उष्णतेमागे लाकूड सुमारे ११२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतं, एलपीजी ६३. उघड्या चुलीची कार्यक्षमता १०-१५ टक्के आणि गॅसची त्याच्या कितीतरी पट, हे जमेस धरलं तर तेच भांडं तापवायला लाकडाचा चुलीतून निघणारा कार्बन काही पटींनी जास्त होतो. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढलं तर तो परत शोषला जाईल, पण त्याला दशकं लागतात. वाळून पडलेल्या काटक्यांचं गणित निराळं. त्या काही वर्षांत कुजणारच होत्या. मिथेन आणि काजळी मात्र कुठलंच झाड परत घेत नाही. काजळी हवेत काही दिवस ते काही आठवडेच टिकते, पण तेवढ्यात बरीच उष्णता शोषते, आणि बर्फावर बसली तर तो लवकर वितळवते.

प्रश्न : तोंडाला ओढणी किंवा मास्क बांधून स्वयंपाक केला तर?

उत्तर : ओढणीचा उपयोग नगण्य. नीट बसणारा एन-९५ कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड नाही.

प्रश्न : जुन्या खिडक्या, प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या सरपणात चालतील का? आणि राख बागेत टाकावी का?

उत्तर : जुन्या रंगात शिसं असू शकतं, प्लायवूडमध्ये फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, वाळवी लागू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक आणि क्रोमियम असू शकतं. शिसं, आर्सेनिक आणि क्रोमियम तर राखेतही उरतात. अशा लाकडाची राख बागेत नको, पोटात जाणाऱ्या भाज्यांना तर नकोच.

स्वच्छ लाकडाची राख चालते. तिच्यात चुना आणि पालाश असतं, नत्र जवळजवळ नसतं. वर्षाला १० चौरस मीटरला १ किलो पुरे, तेही माती आम्लधर्मी असेल तरच. मातीचा सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर टाकू नका. अमोनियम सल्फेटसोबत मिसळलीत तर नत्र अमोनिया होऊन उडून जाईल. आणि चुलीतून काढलेली राख आधी झाकणाच्या धातूच्या बादलीत तीन-चार दिवस राहू द्या, लाकडी जमिनीपासून आणि सरपणापासून दूर. वरून गार लागली तरी तळाशी निखारा जिवंत असतो.