बोरोफॅगस: धंदा तरसाचा, कूळ कुत्र्याचं

'बोरोफॅगस तरसाच्या नात्यातला की आपल्या कुत्र्यांचा पूर्वज?' असा या नामशेष झालेल्या, हाडं फोडून खाणाऱ्या प्राण्याबद्दलचा प्रश्न आहे. दोन्ही नाही.

तरस कुत्र्यासारखं दिसत असलं तरी ते मांजर-मुंगसांच्या बाजूचं. बोरोफॅगस अस्सल श्वानकुळातला, पण ज्या शाखेचा वंश पार बुडाला तिच्यातला. आजचे कुत्रे, लांडगे, कोल्हे दुसऱ्या शाखेचे. चुलत घराणं म्हणा. ही बुडालेली शाखा उत्तर अमेरिकेबाहेर कधी पडलीच नाही. बोरोफॅगस तिथे साधारण सव्वा कोटी वर्षांपूर्वीपासून वीसेक लाख वर्षांपूर्वीपर्यंत होता. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ एडवर्ड कोपने १८९२ मध्ये ठेवलेल्या या नावाचा अर्थ सरळ 'खादाड'.

फुगीर कपाळ, आखूड थोराड जबडा, जाड उपदाढा. कवटी पाहून तरसच आठवतं. फक्त तरस ज्या दातांनी हाड फोडतं, त्यांच्या जरा मागचे दात याने त्या कामाला लावले होते.

पण खरी गंमत त्याच्या विष्ठेत आहे, हसू नका! कॅलिफोर्नियात स्टॅनिस्लॉस काउंटीत बोरोफॅगस पार्व्हस या जातीची दगड झालेली विष्ठा सापडली. तिचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. सीटी स्कॅनमध्ये आत हाडांचे तुकडेच तुकडे दिसले, त्यात हरणाएवढ्या प्राण्याची बरगडीही. तरसाची विष्ठा मी सासवडकडच्या माळावर पाहिली आहे: वाळली की खडूसारखी पांढरी, बोटाने दाबली की भुकटी. तरसाच्या पोटातलं आम्ल हाड जवळजवळ विरघळवून टाकतं. बोरोफॅगसचं तसं नव्हतं. जबडा तरसाचा, पचन लांडग्याचं!

शिवाय विष्ठा एकाच ठिकाणी बरीच साठलेली. म्हणजे जागा ठरलेली असावी, हद्द राखायला. अंदाजे २४ किलोचा हा प्राणी, भक्ष्य मात्र ३५ ते १०० किलोचं. एकट्यादुकट्याला हे जमणं कठीण, त्यामुळे कळपाने शिकार करत असावेत असं संशोधक म्हणतात. 'हाडं खायचा म्हणजे नुसता मढ्यांवर जगायचा' असं धरून चालू नका.

आणि हो, जुन्या पुस्तकांत 'ऑस्टिओबोरस' दिसला तर तो वेगळा समजू नका. तो आता बोरोफॅगसमध्येच धरतात.