राणी गुरगुरते म्हणून तिला ओरडू नका

"पिल्लू आणल्यापासून आमची राणी सारखी गुरगुरते. काल तिनं त्याला खाली दाबलं, ते जोरात केकाटलं. मारून तर टाकणार नाही ना?" असं एका घरच्यांनी मला विचारलं. राणी ८ वर्षांची देशी कुत्री, ब्रुनो ११ आठवड्यांचा लॅब्रेडॉर. राणी गुरगुरली की घरचे तिला रागावून गॅलरीत कोंडत होते.

त्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मी नीट बघितला. ब्रुनो धावत येऊन राणीच्या कानाला लोंबकळतो. राणी तोंड फिरवते. मग जिभेने स्वतःचं नाक चाटते. मग उठून दिवाणापाशी जाऊन बसते. तो पाठोपाठ हजर. आता तिचं अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसतो. आणि मग ती गुरगुरते. चार वेळा तिनं न बोलता सांगितलं, ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

ब्रुनोचे केस बाजूला करून पाहिलं, तर अंगावर दाताची खूण नाही, नुसती लाळ. म्हणजे राणी दात आवरून धरत होती. गुरगुरण्याला शिक्षा झाली की कुत्रं गुरगुरणं सोडतं, वैतागणं सोडत नाही. पुढच्या वेळी थेट चावू शकतं. शिवाय पिल्लू जवळ आलं की आपल्याला कोंडतात, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं होतं.

खेळात गुरगुर असतेच, आवाजावर जाऊ नका. खेळणाऱ्या कुत्र्याचं अंग सैल आणि तोंड उघडं असतं, पुढचे पाय टेकून ढुंगण वर करून ते बोलावतं, आणि मधेच दोघंही थांबतात. शंका वाटली तर पिल्लाला ३-४ सेकंद धरून ठेवा. मोठं कुत्रं आपणहून पुन्हा जवळ आलं तर खेळू द्या. हे इथं करून पाहिलं, तेव्हा राणी मात्र अंग झटकून स्वयंपाकघरात निघून गेली. तिच्यासाठी तो खेळ नव्हताच.

राणी हल्ली जिना चढताना अडखळते, हेही बोलता बोलता कळलं. म्हणून आधी व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मागच्या पायांच्या सांध्यांत दुखणं निघालं. दुखऱ्या कमरेवर पिल्लानं उडी मारली तर कोणीही चिडेल. औषध व्हेट सांगतील तेच. घरातली आयब्युप्रोफेन (माणसांची दुखण्यावरची गोळी) कुत्र्याला विषारी ठरते.

मग घरातली व्यवस्था बदलली. दारात लहान मुलांसाठी असतं तसं गेट लावलं, त्याच्या पलीकडे राणीचं अंथरूण आणि पाणी. जेवण वेगळ्या खोल्यांत. एकत्र खेळ एका वेळी ५ मिनिटं, दिवसातून तीनदा, ब्रुनोच्या हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) दीड मीटरची हलकी दोरी अडकवून, आणि कोणीतरी समोर बसून. राणीनं तोंड फिरवलं की दोरी हळूच ओढून त्याला खेळण्याकडे वळवायचं, पाचव्या इशाऱ्याची वाट बघायची नाही. राणीला रोज २० मिनिटं एकटीला फिरायला न्यायचं.

सगळ्यात मोठा फरक झोपेनं पडला. या वयात पिल्लाला दिवसाला साधारण १८ तास झोप लागते. संध्याकाळी तो चेकाळतो म्हणून घरचे त्याला आणखी पळवत होते. तो खरं तर झोपेला आला होता. साडेसहाला त्याला पिंजऱ्यात अंधार करून झोपवू लागले, तशी रात्रीची धुमश्चक्री बरीच ओसरली.

रक्त आलं, दात रुतले, पिल्लू केकाटूनही पकड सुटली नाही, तर दोघांना लगेच वेगळं करा. मध्ये हात घालू नका, उशी किंवा पाट सरकवा. जखम वरून टिचभर दिसली तरी आत खोल असू शकते, त्याच दिवशी व्हेटला दाखवा.

तिसऱ्या आठवड्यात राणी स्वतःहून ब्रुनोसमोर वाकली, दोन मिनिटं खेळली आणि गेटपलीकडे जाऊन झोपली. गेट इतक्यात काढू नका असं घरच्यांना सांगितलंय. चौथ्या महिन्यापासून ब्रुनोचे दुधाचे दात पडू लागतील, चावणं वाढेल; आणि सात महिन्यांचा होईपर्यंत तो राणीपेक्षा वजनदार झालेला असेल.