पूल खेळताना महत्त्वाच्या शॉटला हात आखडतो, डोकं गोंधळतं. सैल कसं राहायचं?

क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरलेल्या मागच्या हाताची पकड सैल करा, आणि कुठला बॉल, कुठलं पॉकेट, क्यू बॉल, म्हणजे ज्याला काठी मारायची तो पांढरा बॉल, कुठे थांबवायचा, हे सगळं उभ्यानेच ठरवून मगच वाका. क्यूचं वजन साधारण अर्धा किलो असतं. तो बोटांवर तोलला तरी पुरे. मूठ आवळली की मनगट ताठ होतं, ऐन फटक्याला क्यू वाकडा जातो आणि टिप, म्हणजे क्यूचं टोक, क्यू बॉलवर हव्या त्या जागी लागत नाही. नवख्यांना शिकवताना मला हेच दिसतं: नेम बरोबर असतो, शेवटच्या क्षणी मूठ आवळली जाते. वाकल्यावर शंका आली, तर तिथल्या तिथे नेम सरकवू नका. सरळ उभे राहा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. ही एक सवय लागली तरी मनावरचा निम्मा ताण जातो, खरंच. फटक्याआधी श्वास हळू सोडा, खांदे उतरतात. मात्र सैल म्हणजे लुळं नव्हे. टेबलावरचा पुढचा हात, म्हणजे ब्रिज, घट्टच रोवलेला हवा. ब्रेक, म्हणजे डावाचा पहिला फटका, मारतानाही पकड थोडी पक्की चालते.