नळाला पाणी किती, यावर कागद ठरवा

काकांचा जुना कंडेन्सर एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र, ज्यात भिंगांनी प्रकाश एकवटतो) हाती आलाय, इंदूरच्या राजेंद्रनगरच्या घरी न्हाणीघरात रात्री प्रिंट काढणार, तर फोटोच्या कागदाचं पहिलंच पाकीट फायबरचं (प्लास्टिकचा थर नसलेल्या कागदाचं) घ्यावं का, आणि ते दोन नंबर ग्रेडचं (एकाच ठरावीक कॉन्ट्रास्टचं, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातल्या फरकाचं) की मल्टिग्रेड (फिल्टर बदलून कॉन्ट्रास्ट बदलता येणारं), असं तुम्ही विचारलंय. हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पाणी देतं, दुसऱ्याचं तुमच्या निगेटिव्ह.

आरसी (रेझिन-कोटेड) कागद दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या थरात बंद असतो, म्हणून वाहत्या पाण्यात दोन मिनिटांत धुऊन निघतो. फायबरमध्ये हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरमधलं रसायन, थेट कागदात मुरतो. नुसत्या पाण्याने काढायचा तर तासभर. इंदुरात नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. तासभर नळ सोडलात तर घरचेच डार्करूम बंद पाडतील. त्यावर उपाय आहे. फिक्सर १+४ (एक भाग फिक्सर, चार भाग पाणी) असा कडक करून त्यात एकच मिनिट, पाच मिनिटं धुणं, दहा मिनिटं सोडियम सल्फाइटच्या द्रावणात (लिटरला २० ग्रॅम), मग पुन्हा धुणं. वाहतं पाणी नसेल तर ट्रे हलवत राहा आणि पाणी पाच-सहा वेळा पूर्ण बदला. मे महिन्यात टाकीचं पाणी इतकं तापतं की ओलं जिलेटिन मऊ पडून ओरखडे उठतात. तेव्हा हे काम पहाटे उरका. डेव्हलपरचा (चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचा) ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून २० अंशांच्या जवळपास आणा.

फायबर वाळल्यावर थोडा काळवंडतो, म्हणून ओली प्रिंट किंचित फिकी वाटेल इतकंच एक्स्पोजर द्या. वाळताना पापडासारखा वळतो तो वेगळाच. एवढं करून मिळतं काय? हातात धरल्यावर जाणवणारा पृष्ठभाग आणि खोल काळा. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर आणि त्यांच्या पत्नी संयोगिताबाई यांचे फोटो अमेरिकन छायाचित्रकार मॅन रेने काढले तेव्हा आरसी जन्मालाही आला नव्हता. ती जातकुळी हवी असेल तर फायबरच. काचेमागे लावलेल्या प्रिंटमध्ये मात्र फरक ओळखणारे थोडेच, हे माझं मत.

आता ग्रेड. तुमच्या निगेटिव्ह निरनिराळ्या उन्हातल्या, बहुधा निरनिराळ्या डेव्हलपिंगच्या. त्यांना दोन नंबरचं एक पाकीट पुरणार नाही, तीन आणि चारही लागतील. मल्टिग्रेडला एक पाकीट आणि ००पासून ५पर्यंतचे फिल्टर बस्स. कंडेन्सरमुळे कॉन्ट्रास्ट आधीच जरा चढतो, म्हणून दोनऐवजी दीडच्या फिल्टरने सुरुवात करा. काकांचा पिवळा सेफलाइट (डार्करूममधला मंद दिवा) मात्र तपासून घ्या: ग्रेडेड कागदाला तो चालत असेल, पण मल्टिग्रेडला हिरवा प्रकाशही दिसतो. लाल लावा.

तेव्हा सध्या ५×७ आरसी मल्टिग्रेड घ्या. त्यातून मनासारखी प्रिंट निघाली की तिच्याचसाठी फायबर मल्टिग्रेडचं छोटं पाकीट. स्वस्तात जुनं ग्रेडेड कुणी देऊ केलं तर अंधारात एक पट्टी थेट फिक्सरमध्ये, दुसरी आधी डेव्हलपरमध्ये आणि मग फिक्सरमध्ये टाका. दुसरी करडी निघाली तर पाकीट परत करा.