लेक पुण्याला निघाली

प्रश्न : मुलीला फर्ग्युसनला प्रवेश मिळालाय. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा बघतोय. तिथलं राहणं कसं असतं?
– एक पालक, उदगीर

उत्तर : भाऊ, मी पेठेतच चाळीस वर्षं राहतेय, दोन खोल्या मुलींना देते. कॉट म्हणजे खरोखर एक कॉट, कपाटाचा एक कप्पा आणि वाळत घालायच्या दोरीवर हातभर जागा. डिपॉझिट देण्याआधी मालकिणीला नव्हे, तिथल्या मुलींना विचारा : सकाळी बाथरूमला नंबर कितवा लागतो? (माझ्याकडेही हेच विचारा. मी रागवेन, पण विचारा.)

मेसमध्ये पोट भरतं. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रात्री बहुतेक मेस बंद. त्या रात्री माझ्या जिन्यात मॅगीचा वास येतो.

आमच्या खाली अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षावाली मुलं पहाटेपर्यंत बसतात, दाराशी चपलांचा ढीग. गणपतीचे दहा दिवस मात्र अभ्यास विसरा, ढोल थेट उशीत वाजतो.

कॉलेज लकडी पुलावरून चालत अर्धा तास. चालू द्या तिला. आणि येताना शेंगदाण्याची चटणी जास्तच द्या, खोलीतल्या चौघी मिळून आठवड्यात संपवतात.