मेजर लीग बेसबॉलमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेत) रिप्ले पाहून पंचांचा निर्णय बदलता येतो का?
होय, येतो. ऑगस्ट २००८ मध्ये ही सोय आली तेव्हा ती केवळ होम रनविषयीच्या (चेंडू सीमेपलीकडे टोलावणारा, क्रिकेटमधील षटकारासारखा फटका) वादांपुरती होती. त्यामुळेच २ जून २०१० रोजी डेट्रॉइट संघाचा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) आर्मांडो गॅलारागा ‘परफेक्ट गेम’पासून (प्रतिस्पर्धी संघाच्या एकाही खेळाडूला बेसवर पोहोचू न देता जिंकलेला सामना) अवघ्या एका बळीच्या अंतरावर असताना पंच जिम जॉइस यांनी पहिल्या बेसवर (फलंदाजाने धावत गाठायच्या पहिल्या टप्प्यावर) बाद असलेल्या खेळाडूला नाबाद ठरवले, आणि नंतर त्यांनी स्वतः चूक कबूल करूनही (असा उमदेपणा विरळाच) तो निर्णय कायम राहिला. २०१४ पासून मात्र संघाचा मॅनेजर बेसवरील बाद-नाबादच्या निर्णयालाही आव्हान देऊ शकतो. अंतिम निर्णय न्यूयॉर्कमधील केंद्रात बसलेले पंच चित्रण तपासून देतात, आणि ठोस पुरावा नसल्यास, क्रिकेटच्या डीआरएसप्रमाणेच, मैदानावरील मूळ निर्णय बदलत नाही.