एल्ब्रुसवर सहा जणांना एक वाटाड्या पुरेल का?

प्रश्न असा आहे : सहा मित्र जुलैत रशियातला एल्ब्रुस दक्षिणेकडून चढणार आहेत, बर्फावर कोणीच चाललेलं नाही, तर एक वाटाड्या पुरे का?

नाही. किमान दोन घ्या. शिखराच्या रात्री सहांपैकी एखाद्याची तब्येत बिघडणार हे धरूनच चाला. त्याला एकट्याला परत पाठवता येत नाही. वाटाड्या एकच असला तर त्याच्याबरोबर सगळ्यांनाच उतरावं लागतं. मग बाकीच्यांचं शिखर हुकू नये म्हणून आजारी पडलेला बिचारा त्रास लपवतो, आणि गाडी तिथूनच घसरते.

एल्ब्रुस (5642 मीटर) निद्रिस्त ज्वालामुखी आहे. उतार रुंद आहेत आणि खोगिरापर्यंत (दोन शिखरांमधल्या खोलगट भागापर्यंत) फारसे तीव्र नाहीत. खरा त्रास उंचीचा, वाऱ्याचा आणि ढगांचा. अझाऊहून (सुमारे 2350 मीटर) रोपवे बघता बघता गाराबाशीला, 3850 मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. शरीर मात्र खालीच राहिलेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी फक्त 4100 पर्यंत फेरी मारा, दुसऱ्या दिवशी पास्तुखोव खडकांपर्यंत (साधारण 4600–4700) जाऊन झोपायला परत खाली या, तिसऱ्या दिवशी आराम करा. शिवाय खराब हवेसाठी दोन दिवस हातचे ठेवा.

यातला अर्धा दिवस क्रॅम्पॉनला, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटाखाली बांधायच्या धातूच्या दात्यांना द्या. बुटाला ते घट्ट बसतात का हे घरीच बघायचं, आणि पट्टे जाड हातमोजे घालून आवळता आले पाहिजेत. पाय थोडे फाकवून चाला, नाहीतर एका पायाचे दाते दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकून माणूस तोंडावर पडतो. पाऊल सपाट टाका, म्हणजे तळाचे सगळे दाते रुततात. दुपारी बर्फ मऊ झाला की दात्यांमध्ये गोळे बसतात; बर्फात वापरायच्या कुदळीच्या, म्हणजे आइस अ‍ॅक्सच्या दांड्याने ठोकून ते पाडा. घसरल्यावर अ‍ॅक्सने थांबणं मोकळ्या, सुरक्षित उतारावर पुन्हा पुन्हा करा, पण क्रॅम्पॉन काढून. दाते अडकले तर घोटा मोडतो.

स्नोकॅटने (बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीने) पास्तुखोवपर्यंत जाता येतं. काही तासांची चढाई वाचते, पण बसून गारठलेले पाय घेऊन काळोखात एकदम चालायला लागायचं असतं. मला हा सौदा तेवढासा पटत नाही.

गाराबाशीहून चालत शिखराला आठ ते दहा तास धरा, म्हणजे मध्यरात्रीनंतर लगेच निघायचं. सगळ्यात हळू चालणारा पुढे. दुपारी एकला जिथे असाल तिथून मागे, हे आदल्या संध्याकाळीच सगळ्यांकडून कबूल करून घ्या. वर गेल्यावर कोणाचंच डोकं नीट चालत नाही. खोगिरावर (सुमारे 5300) प्रत्येकाने टाचेला चवडा लावून दहा पावलं सरळ टाकायची. तोल गेला तर तो मेंदूला सूज येत असल्याचा इशारा असू शकतो. अशा माणसाने एका वाटाड्याबरोबर लगेच उतरायचं, तिथे बसून वाट बघायची नाही. खोगिराच्या वर चढ उभा आहे. तिथे बांधलेल्या दोराला कॅराबिनर (कमरेच्या पट्ट्याला जोडलेली उघड-मिट होणारी धातूची कडी) लावूनच चाला.

पाण्याची बाटली उलटी ठेवा, कारण पाणी वरून गोठतं. नळीची पिशवी नकोच, नळी आधी गोठते.

उतरताना दुपारी ढग आले की वाट दिसेनाशी होते आणि वाटेबाहेर हिमनदीच्या भेगा आहेत. म्हणून पुढची खुणेची काठी दिसेपर्यंत आधीची सोडू नका. चढतानाच दोन फोनवर जीपीएसने वाट नोंदवून ठेवा. फोन अंगाशी, आतल्या खिशात ठेवायचे. बाहेरच्या थंडीत बॅटरी ऐन वेळी मान टाकते.